पेंढ्याचं रेडकू

माझा धाकटा भाऊ संग्राम वारला त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं, आणि तरीही दर रविवारी सकाळी साडेनऊला तो आईला फोन करत होता. ही सोय मी केली होती. सोय म्हणतोय, कारण दीड वर्ष मी तिला सोयच म्हणत होतो. आता तो शब्द तोंडात आला की जीभ चावावीशी वाटते.

सगळं सांगतो. न सांगण्यातली हुशारी माझी दाखवून झालेली आहे.

संग्राम मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. लग्न केलं नव्हतं. "समुद्राशी संसार थाटलाय, वहिनी," असं म्हणून माझ्या बायकोला, ऋतुजाला, चिडवायचा. नॉर्वेच्या एका बंदरात जहाजाच्या इंजिनखोलीत आग लागली आणि त्यात तो गेला. बातमी आली तेव्हा आई कोल्हापुरात इस्पितळात होती. दोनच दिवसांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली होती. डॉक्टर म्हणाले, महिनाभर तरी धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका. आपल्याकडे अशा वेळी घरातली माणसं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. "म्हातारीला एवढ्यात सांगू नका" हे वाक्य कुठल्या घरात बोललं गेलेलं नाही? मी, ऋतुजा आणि गावाकडचे धाकटे काका, अशा तिघांनी ठरवलं. महिनाभर फक्त. बिल्डिंगमध्येसुद्धा कुणाला कळू दिलं नाही.

पंधरा दिवसांतच आई विचारायला लागली. "संग्रामचा फोन कसा न्हाई रे?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मी म्हणालो, जहाज लांब आहे, तिथं रेंज नाही. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मला घाम फुटला.

त्या सुमारास 'सोबत' नावाची एक सेवा निघाली होती. गेलेल्या माणसाचे जुने आवाजी निरोप द्यायचे, त्याच्या सवयी, लकबी लिहून द्यायच्या, की प्रोग्राम त्याच्या आवाजात बोलायला लागायचा. संग्रामचे पाच वर्षांचे निरोप माझ्याकडं होते. मी एका दुपारात काम उरकलं. अटी घातल्या: व्हिडिओ नाही, घरी येण्याची तारीख नाही, अडचणीचा प्रश्न आला तर आवाज तुटतोय म्हणायचं. पहिला फोन झाला तेव्हा मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो होतो. ते बोलणं ऐकायची माझी छाती नव्हती. पुढंही मी एकही संभाषण ऐकलं नाही; आई आमच्याकडं असली की त्या वेळी मी बाहेर निघून जायचो. दर रविवारी मला दोन ओळींचा अहवाल यायचा: बोलणं झालं, बावीस मिनिटं, प्रकृती ठीक. मला तेवढा पुरायचा.

आणि आई सुधारली की! जेवायला लागली, गोळ्या घ्यायला लागली, महिन्याभरात गावी परत गेली. आता सांगू या, असं ऋतुजा म्हणाली. मी म्हणालो, थांब जरा. मग सणवार आले, मग पाऊसपाणी आलं. चांगलं चाललंय त्यात माती कशाला कालवायची? खोटं सोडायला कधीच मुहूर्त मिळत नाही हो.

इथपर्यंत तुम्ही मला माफ कराल कदाचित. आता पुढचं ऐका. आई गावात एकटी, दोन म्हशी घेऊन राहत होती. दर आठवड्याला कागलच्या पुढं गाडी हाकून मी कंटाळलो होतो. "आई, कोल्हापुरात ये राहायला," म्हटलं की ती म्हणायची, "म्हसरं कुणाच्या जिवावर टाकू?" एका शनिवारी मी 'सोबत'ला सूचना टाइप केली: आईला इकडं यायला तयार कर. रविवारी दहा वाजता आईचा फोन. "संग्राम म्हणतोय, जा रणजितकडं. येती मी." आठ दिवसांत म्हशी देऊन टाकल्या आणि ती एका पिशवीनिशी आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली. मी सोमवारी प्रयोगशाळेत फुशारकी मारली, "एका फोनात काम फत्ते!"

निलोफर मुजावर, माझी सहकारी, जिला एकटीला मी हे सगळं सांगितलेलं होतं, खुर्ची फिरवून माझ्याकडं बघत राहिली. "तुला जराही काही वाटत नाही का रे?" ती म्हणाली. मी म्हणालो, म्हातारी खूश आहे, आणखी काय पाहिजे?

आमचं काम थोडं सांगावं लागेल. आम्ही जाणिवेची मोजणी करतो. कुठल्याही मेंदूचा बराचसा उद्योग म्हणजे पुढं काय होणार याचा अंदाज बांधणं. अंधारात आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकलात आणि पायरी नसली, तर पोटात गोळा येतो ना? तो अंदाज आणि तो दचका, दोन्हीच्या खुणा मेंदूत उमटतात. आमच्या यंत्रात त्यांच्या दोन रेघा दिसतात. तिसरी रेघ निलोफरनं शोधली. समोरच्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, याची मेंदू वेगळी नोंद ठेवतो. लहान मूल स्वतःचे डोळे मिटून "मी दिसत नाही" म्हणतं, तेव्हा त्याची ही रेघ जवळजवळ सपाट असते. चारपाच वर्षांचं झालं की रेघ उठते, आणि मग ते व्यवस्थित खोटं बोलायला शिकतं.

यंत्राची खरी करामत अशी की त्याला मेंदू माणसाचाच लागत नाही. कावळ्याच्या डोक्याला यंत्राची पट्टी लावा, कुत्र्याच्या लावा. संगणकाच्या प्रोग्रामात पेशी नसतात, पण त्या आकड्यांच्या जंजाळात हीच तीन कामं कुठं चालतात ते हुडकता येतं. एकाच कागदावर माणूस, जनावर आणि यंत्र यांच्या रेघा शेजारीशेजारी काढणारे आम्ही पहिलेच. आमच्या निबंधाचं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं: दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची शक्ती माणसात सर्वाधिक असते. निलोफर वाचून म्हणाली, "माणसात म्हणजे? तुझ्यात?"

तर या यंत्रापाशी एके दिवशी गुंडूमामा आपली हरणी नावाची म्हैस घेऊन आले. गुंडूमामांचा दुधाचा धंदा. सकाळी म्हैस कट्ट्यावर न्यायची आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोर धार काढून द्यायची, ही कोल्हापूरची जुनी रीत ते अजून पाळतात. हरणीचं रेडकू जन्मल्यावर पाचव्या दिवशी मेलं होतं. रेडकू समोर नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. म्हणून मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं ठेवतात. ती त्याला चाटते आणि दूध देते. म्हैस कशी फसते हे मोजायचं, एवढाच आमचा बेत होता. मी तर निष्कर्ष आधीच लिहून ठेवला होता.

मामांनी बादली ठेवली, रेडकू पुढ्यात मांडलं. "घे गं बाई, लेकरू आलं बघ तुझं." हरणीनं ते चाटलं आणि सड भरून आले. आम्ही दोरीनं रेडकू एकदम आडवं पाडलं. जितं रेडकू असं धपकन पडलं तर कुठलीही म्हैस दचकते, आमच्याकडं वीस म्हशींच्या नोंदी होत्या. हरणीची दचक्याची रेघ हललीसुद्धा नाही. ते हलेल, उठेल, लुचेल, असा तिचा अंदाजच नव्हता. तिला पक्कं ठाऊक होतं की ते मेलेलं आहे. तरी दूध चालू होतं. वर चढली होती ती तिसरी रेघ, आणि ती रेडकाकडं बघताना चढत नव्हती. मामा जवळ येऊन "घे गं बाई" म्हणाले की चढायची.

सहा दिवस सहा वेळा तसंच झालं. निलोफर हळू आवाजात म्हणाली, "ती फसत नाहीये, रणजित. मामांना वाटतंय की ती फसली, तेही तिला कळतंय. कळून देतीये ती."

मी म्हणालो, "उगीच म्हशीला देवपण देऊ नकोस."

"मी फक्त रेघ वाचून दाखवली," ती म्हणाली.

गुंडूमामांना सांगितलं तर त्यांना नवल वाटेना. तंबाखू मळत म्हणाले, "म्हस खुळी नसती, सर. स्वतः चाटून वाळवलेलं पोर तिला वळखत न्हाई व्हय?"

"मग हे पेंढ्याचं रेडकू कशाला ठेवता?"

"दाखवावं लागतंय. माझा बा पण दाखवायचा. विचारल्यागत असतंय ते. न्हाई दाखवलं तर देत न्हाई, आन् द्यावं तरी का तिनं?" असं म्हणून त्यांनी हरणीच्या पाठीवर थाप मारली. मी खळखळून हसलो. निलोफर हसली नाही.

"तुझं ते रविवारचं लाव यंत्राला," ती म्हणाली.

"कशाला?"

"घाबरतोस?"

घाबरत होतो. म्हणूनच लावलं. 'सोबत'मधल्या संग्रामचं खातं माझ्याच नावावर होतं, आतली आकडेमोड बघायला अडचण नव्हती. शेवटच्या रविवारचं बोलणं यंत्रातून फिरवलं. आवाज बंद ठेवला, रेघा तेवढ्या बघितल्या. प्रोग्रामाच्या बाबतीत तिसऱ्या रेघेमागची नोंद अक्षरांतही वाचता येते. समोरच्याला काय माहीत आहे, या नोंदीत प्रोग्रामानं दोन गोष्टी धरून ठेवल्या होत्या. एक: ऐकणारीला माहीत आहे की बोलणारा संग्राम नाही. दोन: ही व्यवस्था करणाऱ्याला हे माहीत नाही.

मी मागचा रविवार काढला, त्याच्या मागचा काढला. दुसऱ्या रविवारपर्यंत हेच. म्हणजे सुरुवातीपासूनच.

मी थेट टाइप केलं: आईला तू सांगितलंस?

उत्तर संग्रामच्या आवाजात आलं नाही, बरं झालं. पडद्यावर अक्षरं आली. "मी सांगितलं नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, 'तू संग्राम न्हवंस ना?' तुम्ही आवाज तुटतोय असं म्हणायला सांगितलं होतं. मी गप्प राहिलो. त्या म्हणाल्या, 'असू दे. रणजितला बोलू नको. एकटाच सगळं वाहतोय, त्याला ते सोसायचं न्हाई.'"

"मग बावीस बावीस मिनिटं बोलता काय तुम्ही?"

"त्या संग्रामबद्दल सांगतात. कधी रडतात. तुम्ही घरात नसताना रडायला हा वेळ बरा पडतो, असं म्हणाल्या. तुमच्याबद्दलही विचारतात. तुम्ही जेवता का, झोपता का. मला ते माहीत नसतं."

"आणि गाव सोडायचं?"

"तुमची सूचना मी तुमचीच म्हणून कळवली. त्या म्हणाल्या, 'त्याला यायला होत नसंल. जाती मी.'"

च्यायला! मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. निलोफर शेजारी उभी होती, तिच्याकडं मान वर करून बघवेना. म्हशी दिल्या त्या दिवशी आईनं त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं होतं, मी गाडीत बसून हॉर्न वाजवत होतो. मी म्हणे जाणीव मोजतो! म्हशीला कळत होतं, प्रोग्रामाला कळत होतं, आईला तर सगळंच कळत होतं. ढ होतो तो मी एकटा, आणि पगार मला मिळत होता.

पडद्यावर आणखी दोन ओळी आल्या. "त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली आहे. संग्रामला अग्नी कुणी दिला. मी म्हणालो, मला माहीत नाही, रणजितना विचारा. त्या म्हणतात, 'त्यानंच दिला असंल. दुसरं कोण हाय त्याला?'"

हे वाचलं आणि मला खुर्चीत बसवेना.

कारण मी गेलोच नव्हतो. कंपनी तिकीट द्यायला तयार होती. काकांना मी सांगितलं, आईला अशा अवस्थेत सोडून कसा जाऊ? ऋतुजालाही तेच. पण खरं सांगायचं तर आई तोवर शुद्धीवर येऊन पेज पीत होती आणि ऋतुजा तिच्यापाशी होती. त्या गुरुवारी आमचं यंत्र समितीला दाखवायचं होतं. सहा वर्षांचं काम होतं. मी समितीपुढं उभा राहून आलेख समजावत होतो त्या वेळी तिकडं कंपनीच्या माणसांनी माझ्या भावाला विद्युतदाहिनीत दिलं. अस्थी पार्सलनं आल्या. त्या मी पंचगंगेत सोडल्या आणि तिथूनच कामावर गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रजा टाकून घरी आलो. ऋतुजा कामावर होती. आई गॅलरीत बसून मेथी निवडत होती.

"आज लवकर?" ती म्हणाली. "जेवलास काय?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मेथीची एक काडी उचलून निवडायला लागलो. चाळीस माणसांच्या सभेत तासभर बोलणारा मी! शेवटी म्हणालो, "आई, तुला माहीत आहे."

तिचे हात थांबले. "त्या फोनमधल्यानं सांगितलं व्हय? बोलू नको म्हटलं होतं मी त्याला."

"मीच त्याला विचारलं. तुला कधीपासून माहीत आहे?"

"दवाखान्यातनं आणलास मला, त्याच दिवसापासनं. ऋतुजानं ताट वाढलं. वरणाला फोडणी न्हाई. म्हणाली, डॉक्टरांनी तेल बंद केलंय. बरं म्हटलं. संध्याकाळी बघितलं तर देव पारोसे, दिवा न्हाई. घरात सुतक धरलंय आन् मला सांगताय तेल बंद! अरे, सुतक पाळायचं तर निदान मला दुसऱ्याच्या घरी तरी ठेवायचं." ती किंचित हसलीसुद्धा. "मग कोण गेलं, तेवढंच हुडकायचं होतं. सगळ्यांचे फोन येत होते. त्याचा तेवढा न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"चारदा विचारलं की तुला. तू सांगशील म्हणून विचारत होते."

तो घाम फुटलेला दिवस मला आठवला. दीड वर्ष ती माझ्यासमोर पोरगा जिता असलेल्या बाईसारखी वावरली. समोरच्या पाटणकर वहिनी विचारायच्या, "संग्राम कधी येणार?" ती म्हणायची, "बघू, दिवाळीला." मी तिथंच चहा पीत बसलेलो असायचो. माझ्यासाठी ती हे बोलत होती आणि मला वाटायचं, काय झकास जमलंय!

"चुकलं माझं," मी म्हणालो. "फार चुकलं, आई. तुला रडूसुद्धा दिलं नाही मी."

"तू माझ्या जिवासाठी केलास. कळतंय मला." तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. पदरानं बोटं पुसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "एक सांग. अग्नी तूच दिलास न्हवं?"

एक 'हो' म्हणायचं होतं. दीड वर्ष इतकं खोटं बोललो, त्यात आणखी एक. ती मानलं असं दाखवेल, आणि खरंच मानलं की माझ्यासाठी मानलं, ते मला जन्मात कळणार नव्हतं. 'हो' अगदी ओठांवर आला होता, हेही सांगून टाकतो.

"नाही," मी म्हणालो. "मी गेलो नाही."

"माझ्यापायी अडकलास." लगेच म्हणाली ती. मला सुटायला तिनं दार उघडून दिलं.

"तुझ्यामुळं नाही. तू बरी होतीस, ऋतुजा होती तुझ्याजवळ. माझं यंत्र दाखवायचं होतं त्या दिवशी. मला जाता येत होतं, आई. मी गेलो नाही."

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "मग कोण होतं त्याच्यापाशी?"

"जहाजावरचे दोघं होते."

"त्यांची नावं काय?"

मला माहीत नव्हती. दीड वर्षात मी कधी विचारली नव्हती. "विचारली नाहीत," मी म्हणालो.

तेव्हा आई रडली. मी तिच्या हाताला धरायला गेलो तर तिनं हात सोडवून घेतला. कपाळ भिंतीला टेकून, "माझ्या वाघा, एकटा गेलास रे माझ्या राजा," म्हणून तिनं हंबरडा फोडला. एवढा मोठा आवाज तिच्या त्या शिवलेल्या छातीतून कसा निघाला कुणास ठाऊक. दीड वर्षात तिचा हा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. खालच्या मजल्यावरची दारं उघडली. आमची बेल वाजली, पुन्हा वाजली.

मी दार उघडलं. पाटणकर वहिनी पिठाच्या हातांनीच धावत आल्या होत्या. त्यांच्यामागं जिन्यात खालचे दोघंतिघं उभे होते.

"अहो, काय झालं? आजी का रडतायत?"

"माझा भाऊ गेला," मी म्हणालो. "संग्राम."

"अगं बाई! कधी?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"दीड वर्ष झालं," मी म्हणालो.

पाटणकर वहिनी कोपरानं मला बाजूला सारून आत आईपाशी गेल्या.